वर्षाचा गहू कुठून भरायचा? आमच्या धान्यवाल्या काकांच्या दुकानाचा १४ वर्षांचा अनुभव

काल दुपारी यंदाचा, म्हणजे २०२५ चा, गहू घरी आला. ३० किलोचे चार कट्टे, तीन लोकवन नि एक शरबती. आता पुढचे तीन-चार दिवस गच्चीवर ऊन दाखवणं, चाळणं, एरंडेल चोळणं हेच चालणार, म्हणून हात मोकळे आहेत तोवर या दुकानाबद्दल लिहून टाकते, कारण दरवर्षी मार्च उजाडला की बिल्डिंगमधल्या दोघी-तिघी तरी विचारतातच की तुम्ही गहू कुठून भरता, डब्यातल्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ कशा राहतात. दुकानाचं नाव लिहू का असं काकांना विचारलं होतं, ते म्हणाले "नको ताई, सीझनला आहे तेच गिऱ्हाईक आवरत नाही". त्यामुळे नाव देत नाहीये. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून माल उचलणारं जुनं दुकान, एवढं सांगते, आणि हे वाचून तुमच्या भागातलं असं दुकान तुम्हाला शोधता आलं तरी पुरे.

५ पैकी साडेचार स्टार. अर्धा कशाला कापला ते खाली लिहिलंय.

दुकान साधं आहे, दोन गाळे, पुढच्यात गादी नि वजनकाटा, मागच्यात कट्ट्यांची थप्पी. दारातच पत्र्याच्या परातींमध्ये नमुने मांडलेले असतात आणि प्रत्येक परातीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचलेला, त्यावर स्केचपेनने जात, गाव, साल आणि भाव. गाव नि साल लिहिणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही. लोकवन देवास, शरबती सिहोर, खपली सांगली, शेवयांसाठी बन्सी, असं. लोकवनचं पण सांगते, मूळ नाव लोक-१, गुजरातमध्ये भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती म्हणून संस्था आहे तिथं झवेरभाई पटेलांनी ही जात तयार केली, लोक वनचं आपण लोकवन करून टाकलं. आणि शरबती म्हणून जे विकतात ते सगळं शरबती नसतं, टपोरा दिसणारा कुठलाही गहू शरबतीच्या भावात खपवतात, सिहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून तर प्रत्येक कट्ट्यावर सिहोर छापलेलं असतं. काका सरळ सांगतात की हा शरबती नाही ताई, दिसतो तसा, घ्यायचा तर लोकवनच्या भावात घ्या.

गहू दाखवायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. मूठभर घेतात, तळहातावर पसरतात, हलकी फुंकर मारतात, उडालं ते पोचट. मग दोन दाणे दाताखाली, कट् असा आवाज आला तर गहू वाळलेला, नाही आला तर घरी नेल्यावर डब्यात घाम धरणार नि दोन महिन्यांत टोके पडणार. त्यानंतर एक किलोची पुडी बांधून देतात, पैसे घेतात पण कट्टा घेतला की बिलातून वजा करतात. ती पुडी गिरणीतून दळून आणायची, पोळ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेली शिळी पोळी मोडून बघायची, मगच ऑर्डर. मी गेली १४ वर्षं हेच करतेय आणि एकदाही पस्तावले नाही.

पण हे सगळं नेहमीच्या वर्षाचं झालं. दुकान कसं आहे ते कळतं वाईट वर्षात. माझं मत विचाराल तर गव्हाचा भाव विचारायच्या आधी त्या वर्षी गव्हावर काय बेतलंय ते विचारा, आणि जो दुकानदार ते खरंखरं सांगेल त्याला धरून ठेवा, चार रुपये जास्त गेले तरी.

२०२२ चं सांगते कारण ते मला अगदी कालच्यासारखं आठवतंय. एप्रिलचा दुसरा आठवडा असेल, मी गेले तर काकांनी दोन पराती शेजारी शेजारी ठेवलेल्या, एकात आदल्या वर्षीचा उरलेला लोकवन, एकात नवा. म्हणाले बघा तुम्हीच. जुना दाणा गोल, पोट भरलेलं, मधली चीर बारीक. नवा बारीक, लांबट, अंगावर सुरकुती पडलेली, काही दाणे तर नखाने दाबले तर आत काही आहे की नाही असं वाटावं इतके चिमलेले. मला वाटलं हलका माल आणलाय. काका म्हणाले हलका नाही ताई, होरपळलाय.

तर झालं होतं असं की मार्च महिन्यात ओंबीत चीक भरत असतो, तेव्हा रात्री थंड आणि दिवसा बेताचं ऊन असं हवामान पंधरा-वीस दिवस मिळालं की दाणा सावकाश भरतो. त्या वर्षीचा मार्च हा १९०१ पासून नोंदी आहेत तेव्हापासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च ठरला. इतका चटका बसला की झाड घाई करतं, दाण्यात पिष्ट पुरतं उतरायच्या आतच ओंबी पिवळी पडते. एमपीत, म्हणजे मध्य प्रदेशात, ज्यांनी लवकर पेरला त्यांचा बऱ्यापैकी वाचला, उशिरा पेरलेला चिमला, आणि पंजाब-हरयाणात तर पेरणीच उशिरा असते म्हणून तिथं मार खाल्ला, हेक्टरी ४८ क्विंटलच्या आसपास पिकवणारा पंजाब ४२-४३ वर आला. सरकारी खरेदीत चिमलेला दाणा ६ टक्क्यांपर्यंत चालतो, त्या वर्षी तिथं १८ टक्क्यांपर्यंत चालवून घ्यावा लागला, नाहीतर शेतकऱ्यांचे ट्रॉलीच्या ट्रॉली परत गेले असते.

माझे मामा निफाडकडे कांदा-गहू करतात, त्यांच्याकडे मी त्याच महिन्यात गेले होते. मामांनी वावरातून एक ओंबी तोडली, दोन्ही तळव्यांमध्ये चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हात माझ्यापुढे धरला. एरवी तळहाताचा खळगा भरतो, त्या दिवशी दाणे मोजता येत होते. मामा काही बोलले नाहीत, दाणे खिशात टाकले नि पुढे चालायला लागले. निफाडला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती या आपल्या इकडच्या जाती तिथल्याच, मामा तिथलंच बियाणं वापरतात, पण मार्चमध्येच मे महिन्याचं ऊन पडलं तर जात कितीही चांगली असली तरी ती किती तग धरणार.

आणि हे कमी होतं म्हणून फेब्रुवारीतच रशियाने युक्रेनवर हल्ला केलेला. जगात जेवढा गहू निर्यात होतो त्यातला पाव हिस्स्याहून जास्त या दोन देशांचा, काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली, इजिप्तसारखा जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक असलेला देश गहू शोधत फिरायला लागला, आणि भाव असे भडकले की आपल्याकडे व्यापारी हमीभावाच्या वर पैसे देऊन खळ्यावरूनच माल उचलायला लागले. हमीभाव तेव्हा क्विंटलला २०१५ होता. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले ते बरंच झालं, पण सरकारच्या कोठारात काय गेलं ते बघा. २०२१ ला ४३३ लाख टन खरेदी झालेली, २०२२ ला जेमतेम १८८ लाख टन. निम्म्याहून कमी. फेब्रुवारीत पीक १११३ लाख टन होईल असा अंदाज होता, मे महिन्यात तो १०६४ वर आणावा लागला.

१३ मेला, शुक्रवारी रात्री निर्यातबंदी आली. मी नेमकी दुसऱ्या दिवशी उरलेले दोन कट्टे घ्यायला गेले तर दुकानात ही गर्दी, प्रत्येक जण दोनाच्या जागी चार कट्टे मागतोय कारण टीव्हीवर सकाळपासून गहू गहू चाललेलं. काकांनी त्या दिवशी काय केलं, तर चिठ्ठीवरचा भाव तोच ठेवला, आणि सांगितलं की नेहमीच्या गिऱ्हाइकाला नेहमीएवढाच मिळेल, जास्त नाही. एका गृहस्थांनी वाद घातला, पैसे देतोय ना मी म्हणाले, काका म्हणाले "पैसे सगळेच देतायत दादा, गहू तेवढाच आहे". मला बाजूला घेऊन म्हणाले दोन आठवडे थांबा, बंदीने भाव जरा बसेल, पण दिवाळीपर्यंत थांबू नका. आणि अगदी तसंच झालं, भाव थोडा उतरला, मी जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतला, आणि मग चढत चढत जानेवारी २०२३ मध्ये उत्तरेच्या बाजारांत क्विंटलला ३००० च्या वर गेला. बंदीमुळे मामांसारख्यांचा चांगल्या भावाचा एक मोसम मात्र हातचा गेला, उतारा कमी नि वरून भावही अडवला, हे मी काकांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले बरोबर आहे तुमचं, पण शहरात पीठ महागलं की आधी कुणाचं ताट रिकामं होतं तेही बघा.

ते कुणाचं ताट, हे मला माझ्याच घरात दिसलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं केशरी कार्ड आहे, घरात पाच माणसं, माणशी ५ किलो धान्य. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये नि तांदूळ ३ रुपये किलोने मिळायचा आणि कोरोनात एप्रिल २०२० पासून त्याच्यावर आणखी माणशी ५ किलो फुकट सुरू झालेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारकडे गहूच कमी आला म्हणून महाराष्ट्रासह काही राज्यांत त्या फुकटच्या धान्यात गव्हाचा वाटा कमी केला नि तांदूळ वाढवला. कागदावर किलो तेवढेच. पण मावशींचे मिस्टर सेंटरिंगच्या कामावर, डब्यात भात नेला तर दुपारी बाराला आंबलेला असतो, आणि मुलांना सकाळी चहाबरोबर पोळी लागते. मावशी म्हणाल्या "ताई, तांदूळ हाय पोत्यानं, पन चपातीला पीठ न्हाय". त्यांना बाहेरून गहू घ्यावा लागायचा, तोही एक किलो दोन किलो असा सुट्टा, आणि सुट्ट्याचा भाव कट्ट्यापेक्षा नेहमीच जास्त असतो, म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच महाग.

मी मावशींना काकांकडे पाठवलं. काकांनी रेशनकार्ड बघितलं आणि त्यांना सुट्टा गहू कट्ट्याच्या भावात द्यायला सुरुवात केली, महिन्याला ५ किलो. नंतर कळलं की त्या वर्षी असे बरेच जण त्यांच्याकडे येत होते, एका जुन्या वहीत सगळ्यांची नावं लिहून ठेवलेली. पाटी वगैरे काही लावली नव्हती. माझे साडेचारातले निदान दोन स्टार तरी त्या वहीचेच आहेत.

लॉकडाऊनचं वर्ष याच्या उलटं होतं. २०२० ला शेतात गहू भरपूर होता, अडकला तो रस्त्यात. २५ मार्चला देश बंद झाला तेव्हा एमपीत काढणी चाललेली, हार्वेस्टर एका राज्यातून दुसऱ्यात जायला परवानगी नाही, मग दोन-तीन दिवसांत शेतीच्या कामांना सूट मिळाली, पण ट्रकचे ड्रायव्हर गावी, हमाल गावी, आणि बंगालमधल्या ज्यूट मिल बंद म्हणून बारदान नाही. गहू आहे पण भरायला पोतं नाही! पंजाबात १ एप्रिलला सुरू होणारी खरेदी १५ एप्रिलला सुरू झाली, हरयाणात २० ला. तरीही त्या वर्षी देशात ३९० लाख टनांच्या आसपास सरकारी खरेदी झाली, तोवरचा विक्रम, आणि एमपीने १२९ लाख टन घालून पंजाबलाही मागे टाकलं. त्याच धान्यातून पुढे ८० कोटी लोकांना फुकट रेशन देता आलं, हे आपण विसरूनच गेलोय.

त्या एप्रिलमध्ये आमच्याकडचा जुना गहू संपत आलेला. काकांना फोन केला तर म्हणाले मे उजाडेल, तोवर १० किलो पाठवतो, आमच्याच घरचा आहे. मुलगा स्कूटरवर आणून गेटवर ठेवून गेला. मे अखेरीस कट्टे आले ते पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्यांत, काकांनी आधीच फोन करून बजावलं होतं की ताई हे बारदान श्वास घेत नाही, आल्या आल्या मोकळा करा, तसाच ठेवला तर घाम धरेल. दोन दिवस घरातल्या हॉलमध्ये चादरीवर गहू पसरलेला, मुलं त्यात गाड्या चालवायची, पण एक किडा लागला नाही वर्षभर.

गहू आला की आमच्या सासूबाई, म्हणजे आई, स्वतः सुपात घेऊन बसतात. वय सत्तर, हात अजून तसेच चालतात, पाखडताना खडा बरोबर सुपाच्या टोकाला येतो. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं, लहानपणी घरात रोज ज्वारी-बाजरीची भाकरी, पोळी सणाला. १९६५ ला पाकिस्तानशी युद्ध झालं, पाठोपाठ दोन वर्षं पाऊस नाही, देशाचा गहू १२३ लाख टनांवरून १०४ लाख टनांवर आला. शास्त्रीजींनी सोमवारचं एक वेळचं जेवण सोडायला सांगितलेलं, आईंच्या घरी ते किती तरी वर्षं पाळत होते. अमेरिकेतून पीएल-४८० या त्यांच्या अन्नमदतीच्या कायद्याखाली गहू यायचा, १९६६ मध्ये साधारण एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं, आणि अध्यक्ष जॉन्सन ते महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडायचे, भारत व्हिएतनामवर काय बोलतो ते बघून. आई म्हणतात रेशनवर लाल गहू यायचा, त्याची पोळी चामड्यासारखी ओढावी लागायची, वास वेगळा, पण आजी बोलायची नाही काही, निमूट भाजायची. सुपात नको असलेलं बी दिसलं की आजी म्हणायची हे अमेरिकेचं. गाजर गवत त्या गव्हातूनच आलं असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, पुण्यातच ते पहिल्यांदा दिसलं पन्नासच्या दशकात.

मग १९६६ ला मेक्सिकोतून १८ हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं, लर्मा रोहो नि सोनोरा, सी. सुब्रमण्यम शेतीमंत्री होते, स्वामिनाथन नि बोरलॉग या शास्त्रज्ञांचं काम, आणि १९६७-६८ ला पीक १६५ लाख टनांवर गेलं. तेही लालच होतं आधी, लोकांना आवडेना, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातून कल्याणसोना, सोनालिकासारखे पिवळसर दाण्याचे गहू काढले. काकांच्या परातीतला प्रत्येक गहू बघून आई एकदा तरी म्हणतातच, किती उजळ आहे गं. १९७२ च्या दुष्काळातली मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, नि कामावर मिळणारी सुकडी हा त्यांचा वेगळाच विषय आहे, तो निघाला की दुपार जाते.

या सगळ्यामुळे घरात वर्षाचा गहू नसेल तर आईंना झोप लागत नाही. मला आधी वाटायचं उगाच पसारा, मॉलमध्ये पीठ मिळतंच की. मत बदललं ते ऑगस्ट २०२० मध्ये, बैरुतच्या बंदरात स्फोट झाला तेव्हा. लेबनॉन देश जवळजवळ सगळा गहू बाहेरून आणतो, आणि त्यांचं १ लाख २० हजार टनांचं मोठं कोठार त्याच बंदरात, ते एका संध्याकाळी गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंत्र्यांनी सांगितलं की देशात महिनाभराचाही साठा नाही. तो उभा चिरलेला पांढरा सायलो टीव्हीवर बघताना आई म्हणाल्या एकाच कणगीत सगळं ठेवतात का कुणी.

आपल्याकडे साठेबाजी होऊ नये म्हणून सरकार व्यापाऱ्यांवरही नजर ठेवतं, त्याचा त्रास काकांसारख्यांना होतो तेही लिहायला हवं. जून २०२३ मध्ये १५ वर्षांनी पहिल्यांदा गव्हावर साठ्याची मर्यादा आली, किरकोळ दुकानाला १० टन. १० टन ऐकायला खूप वाटतं, पण ३० किलोचे सव्वातीनशे-साडेतीनशे कट्टे झाले फक्त, आणि वर्षाचा गहू भरणारी दीड-दोनशे घरं असली की सीझनमध्ये तेवढे एका आठवड्यात येऊन जातात. काकांना माल तुकड्या-तुकड्यात आणावा लागला, प्रत्येक खेपेला वेगळं भाडं, वेगळी हमाली, आणि साठ्याची नोंद सरकारी पोर्टलवर भरायची. मोबाइलवर ते भरायला मुलगा बसतो. त्या वर्षी पहिल्यांदा आमचे चार कट्टे तीन खेपांत आले आणि त्यातला एक थोडा वेगळा निघाला, पोळी जरा वातड, चौकशी केली तर मार्चच्या अवकाळीत भिजून चकाकी गेलेला माल होता. काकांनी तो बदलून दिला, न कुरकुरता, पण तपासून पाठवायला हवा होता, म्हणून अर्धा स्टार कापला तो इथं.

आणखी दोन तक्रारी. घरपोच पाठवतात पण लिफ्ट नसेल तर मजल्याला वेगळे पैसे, ते आधी सांगत नाहीत, हमाल दारात आल्यावर कळतं. दुसरं, खपलीचा भाव मला पटत नाही. खपलीची खीर आमच्याकडे होते, दरवर्षी दोन-तीन किलो लागतेच, पण लोकवनच्या दुप्पट-अडीचपट भाव, आणि ती शुगरवर औषध असल्यासारखी विकली जाते. काका स्वतः तसं सांगत नाहीत, पण कुणी विचारलं तर नाहीही म्हणत नाहीत, ते म्हणायला हवं.

एकदा मी एका ॲपवरूनही मागवला होता, २०२३ लाच, घाई होती म्हणून. पॅकिंग छान, भाव काकांपेक्षा किलोला ३ रुपये कमी, पण गहू कुठला, कुठल्या सालचा, काहीच नाही. कस्टमर केअरला विचारलं तर मुलगी म्हणाली मॅडम प्रीमियम क्वालिटी आहे. दळून आणला तर कोंडाच जास्त, पोळी काळपट, दाणा बघितला तर २०२२ सारखाच चिमलेला. जुनाच माल असणार. तेव्हापासून पुन्हा नाही. ज्यांच्याकडे साठवायला जागा नाही त्यांच्यासाठी सरकारने भारत आटा आणला, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये साडेसत्तावीस रुपये किलोने सुरू झाला, २०२४ मध्ये ३० केला, आमच्या मावशी अधूनमधून तो घेतात नि बरा आहे म्हणतात.

यंदाचं सांगायचं तर २०२५ चा दाणा सुरेख आहे. फेब्रुवारीत ऊन वाढलं तेव्हा मामांच्या पोटात गोळा आला होता, पण निभावलं. देशात पीक विक्रमी, सरकारी खरेदीही ३०० लाख टनांच्या घरात गेली म्हणे, २०२५ चा हमीभाव क्विंटलला २४२५ होता. लोकवन मला कट्ट्याच्या भावात किलोला ३७ ने पडला, शरबती ५० ने, चाळून, मशीनवर स्वच्छ करून. जायचं असेल तर अक्षय तृतीयेच्या आधी जा, सकाळी, काका दुपारी दोन ते चार बसत नाहीत. पुडी आधी न्या, कट्टा नंतर. पैसे आता ऑनलाइन घेतात. आणि मागच्या वर्षीचा उरलेला गहू असेल तर तो आधी संपवा, नव्यात मिसळू नका, जुन्यातला एक टोका सगळा डबा खाऊन टाकतो.

मावशींनी यंदा पहिल्यांदाच पूर्ण कट्टा घेतलाय, लोकवन, आमच्याच बरोबर एका टेम्पोत आला. काकांनी वहीत त्यांच्या नावापुढे काहीतरी लिहिलं, मी वाकून बघितलं तर "कट्टा १, स्वतः" एवढंच होतं. आमच्याच गच्चीवर त्यांचाही गहू वाळतोय, आईंच्या साडीवर आमचा नि शेजारच्या चादरीवर त्यांचा. वर आभाळ भरून आल्यासारखं वाटतंय, उचलायला जाते.